पक्का रंग : फ्रेंच घरातली मनाईची चीट

आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, फौजेतून निवृत्त झालेला माणूस लढाया सोडून पडदे आणि सोफ्याच्या खोळींवर कधीपासून बोलायला लागला? जरा धीर धरा. आजच्या गोष्टीत मनाईहुकूम आहेत, जकातीचे नाके आहेत, चाकावर हाडं मोडून मारलेला एक तस्कर आहे, कारागिरी टिपून घेणारा एक आरमारी अधिकारी आहे आणि वांदीवाशची लढाईही आहे. या सगळ्याच्या मध्यभागी आहे सुती कापड. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचं, फुलापानांचं, धुतलं तरी रंग न सोडणारं.

‘फ्रेंच पद्धतीची सजावट’ असं कुणी म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? वळणदार पायांच्या खुर्च्या, भिंतीवर सोनेरी चौकटीचा आरसा, आणि पांढऱ्या कापडावर एकाच लाल किंवा निळ्या रंगात छापलेली चित्रं. झाडाखाली बसलेला मेंढपाळ, झोपाळ्यावर मुलगी, कोपऱ्यात पडका मनोरा. खिडकीचा पडदा त्याच कापडाचा, पलंगाची झूल त्याच कापडाची, खुर्चीची गादीही त्याचीच. या कापडाला म्हणतात ‘त्वाल द जुई’, म्हणजे जुई गावचं कापड. फ्रेंच घराची ही जवळजवळ ओळखच झाली आहे. आणि फ्रान्समध्ये 1686 ते 1759, म्हणजे तब्बल 73 वर्षं, अशा छापील सुती कापडाला कायद्याने बंदी होती.

हे कसं झालं ते समजायला आधी चौदाव्या लुईच्या दरबारात जावं लागेल. तिथे फार वेळ थांबायचं नाही, पण वळसा घालूनही पुढे जाता येत नाही.

चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर. या माणसाच्या दृष्टीने घराची सजावट ही आवडीनिवडीची बाब नव्हती, खजिन्याची होती. फ्रान्सचे सरदार आरशांसाठी व्हेनिसला पैसे मोजत, चांगल्या कापडासाठी परदेशाकडे बघत. सोनं-चांदी देशाबाहेर जाते म्हणजे शत्रूच्या फौजेचा पगार आपण देतो, असा त्याचा हिशोब. मग त्याने काय केलं? 1660 च्या दशकात पॅरिसच्या गोब्लँ भागातले विणकरांचे कारखाने सरकारी छत्राखाली आणले आणि शार्ल ल ब्रँ या चित्रकाराला त्यांवर प्रमुख नेमलं. 1665 मध्ये व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काच कारागीर फोडून आणले. व्हेनिसच्या राज्यात अशा कारागिरांनी देश सोडणं हा गुन्हा होता, तरी आणले. त्यातूनच उभा राहिला आरशांचा शाही कारखाना, आणि त्या आरशांनी सजलं व्हर्सायचं आरसेमहाल दालन : 73 मीटर लांब, सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी आणि त्यांत 357 आरसे. 1871 मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा याच दालनात झाली आणि 1919 चा तहही इथेच झाला, म्हणून आम्हा फौजी लोकांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक असतं.

त्याच महालात एके काळी भरीव चांदीचं फर्निचर होतं. टेबलं, झुंबरं, संत्र्यांच्या झाडांच्या कुंड्यासुद्धा चांदीच्या. 1689 च्या डिसेंबरात, ऑग्सबुर्ग संघाविरुद्धच्या लढाईला पैसे कमी पडू लागले, तेव्हा लुईने ते सगळं वितळवून नाणी पाडायला पाठवलं. जवळपास वीस टन चांदी. घराची सजावट ही राज्याची राखीव कुमक होती, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

आता कोल्बेरची दुसरी चाल बघा. 1664 मध्ये त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. 1668 मध्ये सुरतेला वखार, पाठोपाठ मच्छलीपट्टण, आणि 1674 पासून फ्रांस्वा मार्तँच्या हाताखाली पाँडिचेरी. कंपनीने मसाल्याबरोबर माल भरला तो कापडाचा. म्हणजे एका हाताने हा मंत्री देशातल्या रेशीम आणि लोकरीच्या विणकरांना पोसत होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या मुळावर येणारा माल जहाज भरभरून आणत होता. दोन्ही हात एकाच माणसाचे. तो 1683 मध्ये वारला, आणि हा गुंता पुढच्यांच्या गळ्यात पडला.

या मालात एवढं होतं तरी काय? त्या काळचं युरोपातलं घर डोळ्यांपुढे आणा. भिंतीवर लोकरीचे विणलेले भलेथोरले पडदे, पलंगाभोवती जड मखमल किंवा रेशमी किनखाब. दिसायला राजेशाही, पण धुवायची सोय नाही. कापडावर रंगीत नक्षी हवी असेल तर ती विणावी लागे किंवा भरावी लागे, आणि दोन्ही महाग. रंगवली तर पहिल्या पाण्यात रंग वाहून जाई. अशा घरात आपल्याकडचं कापड पोचलं : हलकं, पांढऱ्या जमिनीवर लालभडक, निळी, जांभळी फुलं, स्वस्त, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धुतलं की रंग आणखी उजळणारं. कुळीन घरांत उन्हाळ्याचे पडदे-खोळी वेगळ्या आणि हिवाळ्याच्या वेगळ्या ठेवायची रीत होती. उन्हाळ्याच्या संचाला तर हे कापड जणू मुद्दाम बनवल्यासारखं होतं.

फ्रेंच लोक त्याला ‘अँदियेन’ म्हणू लागले, म्हणजे सरळ ‘हिंदुस्थानी’. दुसरा एक शब्द त्यांच्या व्यापारी कागदांत येतो, ‘शित’. ही आपली चीट! आजीच्या परकराची, गोधडीच्या वरच्या पदराची चीट. इंग्रजांनी तिचंच ‘चिंट्झ’ केलं. पलंगावर टाकायच्या मोठ्या चित्रित चादरीला युरोपात ‘पालमपोर’ म्हणत, तो आपला पलंगपोश. शब्द बोटीत बसून जातात आणि उतरताना वेश बदलतात.

मोलियेरने 1670 मध्ये एक नाटक लिहिलं, सरदारांसारखं वागायला धडपडणाऱ्या एका नवश्रीमंत दुकानदारावर. तो पहिल्यांदा रंगमंचावर येतो तो अँदियेनचा झगा मिरवत. प्रेक्षक हसले, याचा अर्थ ही फॅशन तोवर सगळ्यांच्या ओळखीची झालेली होती.

माल खपतो म्हटल्यावर नक्कल होणारच. मार्सेय बंदरात 1648 मध्येच एक खेळायचे पत्ते छापणारा आणि एक ठसे कोरणारा यांनी मिळून कापड छापायचा धंदा सुरू केला होता. पत्ते छापणाऱ्याला लाकडी ठसा आणि शाई ठाऊक, तेवढ्या भांडवलावर. नक्कल कच्ची होती, पण गिऱ्हाईक होतं.

आणि मग रेशीमवाले, लोकरवाले राजाच्या दारात उभे राहिले. लिऑनचे रेशीम विणकर, उत्तरेकडचे लोकर विणकर, सगळ्यांची एकच तक्रार : आमच्या घरची चूल विझते आहे. 26 ऑक्टोबर 1686 ला हुकूम निघाला. रंगवलेलं-छापलेलं सुती कापड बाहेरून आणायचं नाही, देशात छापायचं नाही, आणि छपाईचे ठसे मोडून टाकायचे. बाहेरचा माल अडवला हे समजतं. पण स्वतःच्या देशातले ठसे फोडायचे? शत्रूच्या हाती पडू नये म्हणून माघार घेताना आपणच आपला पूल उडवतो, तसं हे. फरक इतकाच, की शत्रू नदीच्या अलीकडे आलेलाच नव्हता.

वर्षभर आधी, 1685 मध्ये, लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केली होती. लाखाच्या घरात माणसं देश सोडून गेली आणि त्यांत कारागीर पुष्कळ होते. छपाईचं कसब त्यांच्याबरोबर जिनिव्हा, नोशातेल, हॉलंड, इंग्लंड, जर्मन संस्थानं इथे पोचलं. फ्रान्सच्या सीमेला लागूनच छापखाने उभे राहिले. आता गंमत बघा : आत बंदी, आणि कुंपणापलीकडे कारखाना. तस्करीला याहून चांगली भूमी कुठे मिळणार?

सरहद्दीवर काही वर्षं काढलेला माणूस म्हणून एक सांगतो. दोन्ही बाजूंच्या किमतीत मोठा फरक असला की कितीही चौक्या उभ्या करा, माल जातोच. मीठ जातं, कापड जातं, गुरं जातात. चौकीवरच्या शिपायाची बायकोही त्याच बाजारात जाते.

फ्रान्सने 73 वर्षं चौक्या वाढवायचाच उपाय केला. हुकुमावर हुकूम निघाले. आधी व्यापाऱ्याला दंड, मग नेसणाऱ्या बाईला दंड, मग पडदा लावणाऱ्या घरमालकाला. पॅरिसमध्ये खिडकीत उभ्या बाईच्या अंगावर अँदियेन दिसली म्हणून पोलिसांनी नोंद केल्याची प्रकरणं आहेत. जप्त केलेलं कापड जाळलं जाई. सराईत तस्कराला राजाच्या गलबतांवर साखळीने बांधून वल्ही मारायला धाडत. आणि कंपनीचं काय? कंपनीला माल आणायची परवानगी होती, पण तो परदेशात विकायच्या अटीवर. लोरियाँ बंदरात (नावाचाच अर्थ ‘पूर्व’) कापडाच्या गाठी उतरायच्या, लिलाव व्हायचा, कागदोपत्री माल बाहेर जायचा. त्यातला किती रात्रीतून परत आत यायचा याचा हिशोब सरकारी वहीत कसा सापडणार?

अविन्यों शहर तेव्हा पोपच्या ताब्यात होतं, फ्रान्सच्या पोटात असून फ्रान्सचं नाही. तिथे छपाई जोरात चालू होती. 1734 मध्ये फ्रान्सने पोपवर दबाव आणून तीही बंद पाडली. लुई मांद्रँ नावाचा तस्करांचा एक पुढारी होता. तंबाखू आणि अँदियेन घेऊन तो सशस्त्र टोळीसह सरहद्द ओलांडायचा आणि भर बाजारात माल विकायचा. लोक त्याला डोक्यावर घेत, कारण करवसुली करणाऱ्या ठेकेदारांवर त्यांचा राग होता. फ्रेंच शिपाई शेवटी सव्हॉयच्या हद्दीत घुसून त्याला उचलून घेऊन आले, आणि 26 मे 1755 ला वालाँस गावात चाकावर बांधून त्याची हाडं मोडली.

नेमक्या त्याच सुमारास राजाची मैत्रीण मादाम द पोंपादूर हिच्या बेलव्ह्यू इथल्या हवेलीत खोल्याच्या खोल्या मनाई असलेल्या कापडाने सजलेल्या होत्या. कोण पोलीस तिथे नोंद करायला जाणार? बंदी ही नेहमी अशीच असते, मंडळी. खाली हाडं मोडतात आणि वर पडदे झुलतात. पण या पडद्यांचा एक परिणाम मात्र झाला. मनाईमुळे अँदियेन दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ झाल्यामुळे दरबाराच्या आवडीची झाली. दुकानदाराच्या झग्यापासून राजाच्या मैत्रिणीच्या पलंगापर्यंतची चढण तिने बंदीच्या काळातच चढली.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ, कारण या गोष्टीचा गाभा इथे आहे.

फ्रेंचांना कळत नव्हतं ते एवढंच, की रंग टिकतो कसा. सन 1734 च्या सुमारास आंत्वान द बोलियू नावाच्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याला पॅरिसच्या एका शास्त्रज्ञाने, दू फे याने, हे शोधून काढायला सांगितलं. बोलियूने पाँडिचेरीत एका चित्रकाराला समोर बसवून कापड रंगवून घेतलं आणि प्रत्येक टप्प्यावर त्या कापडाचा एक तुकडा कापून वहीत लावला. बाजूला कृती लिहिली. मी नोकरीत कितीतरी टेहळणीचे अहवाल वाचले आहेत, पण इतका व्यवस्थित अहवाल क्वचितच. ती वही पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आजही आहे, तुकड्यांसकट.

दुसरा माणूस जेझुइट पाद्री, केर्दू. तेलुगू आणि संस्कृत शिकलेला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं हे युरोपला लवकर कळवणाऱ्यांपैकी हा एक. त्याने 1742 च्या जानेवारीत एक लांब पत्र लिहिलं. बाप्तिस्मा घेतलेले काही चित्रकार त्याच्या ओळखीचे होते, त्यांना विचारून विचारून त्याने सगळी कृती लिहून काढली. पत्र छापलं गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं.

कृती अशी. कोरं कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवायचं. हिरड्यातला तुरटपणा रंग धरायला मदत करतो, आणि दुधातली स्निग्धता रेघ पसरू देत नाही. वाळवून लाकडी मोगरीने कुटून गुळगुळीत करायचं. मग भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड घासून नक्षी उतरवायची, रांगोळीच्या भोकांच्या कागदासारखी. काळ्या रेघांसाठी आंबवलेल्या पाण्यात लोखंड मुरवलेलं द्रावण. जिथे लाल हवं तिथे तुरटीचं पाणी, बांबूच्या कलमाने. हे पाणी जवळजवळ रंगहीन असतं. चित्रकार न दिसणारं चित्र काढत असतो! मग सगळं कापड चायवेर नावाच्या मुळाच्या काढ्यात उकळायचं. ही वनस्पती किनाऱ्याच्या रेताड जमिनीत होते. तुरटी लागलेल्या जागी लाल रंग पक्का बसतो, बाकीचा शेणाच्या पाण्याने आणि उन्हाने उतरून जातो. निळ्यासाठी उरलेल्या कापडावर मेण लावून झाकायचं आणि निळीच्या हौदात बुडवायचं. मेण उकळून काढायचं. शेवटी पिवळा हाताने भरायचा, तो निळ्यावर बसला की हिरवा होतो.

एका चादरीला आठवडेच्या आठवडे लागत. निळीचं काम वेगळ्या लोकांचं, मेणाचं वेगळं, धुण्याचं वेगळं. कलम धरणारा माणूस हा मोठ्या साखळीतला एक. यातली बरीच माहिती कुठे लिहिलेली नव्हती. हातातून हातात, बापाकडून मुलाकडे. एकदा ती कागदावर आली आणि बोटीत चढली, की पुढचं काम वेळेचं होतं.

तंजावरच्या मराठ्यांचा इथे एक धागा लागतो. फ्रेंचांना कारैकल मिळालं ते 1739 मध्ये, तंजावरच्या राजाकडून. आणि तंजावर दरबारासाठी कोडालीकरुप्पूर गावात हाताने चितारलेली, मेणाने राखून रंगवलेली, वर जरीचं काम असलेली वस्त्रं बनत. कलमाचीच विद्या, पण दरबारी. तो आश्रय तंजावरचं राज्य खालसा होईपर्यंत टिकला. आपल्या माणसांना या कारागिरीची किंमत माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये. फक्त ती आपण अंगावर घेतली, बाजार म्हणून तिच्याकडे पाहिलं नाही.

फ्रान्समध्ये 1758 मध्ये मोरेले नावाच्या विद्वानाने पुस्तिका लिहून बंदी उठवण्याची बाजू मांडली. लोक वापरणारच आहेत तर आपल्या देशात का बनवू नये, हा त्याचा मुद्दा. 1759 मध्ये बंदी उठली. पण कसब कुठे होतं? 73 वर्षांत फ्रान्सने आपले ठसे मोडले होते आणि माणसं घालवली होती. मग आणावा लागला बाहेरचा माणूस. क्रिस्तोफ-फिलिप ओबेरकांफ : जर्मन, प्रॉटेस्टंट, रंगाऱ्याचा मुलगा, बाझल आणि म्युलूझ इथे तयार झालेला. 1758 मध्ये, विशीत, तो पॅरिसला आला आणि आर्सेनलच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या आवारातल्या छापखान्यात कामाला लागला. दोन वर्षांत व्हर्सायजवळच्या जुई-आं-जोझास गावात, बिएव्र नदीच्या काठी, त्याने स्वतःचा कारखाना मांडला. ज्या राजघराण्याने त्याच्या धर्मबांधवांची सनद रद्द केली, त्याच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर.

तारखांकडे लक्ष द्या. 22 जानेवारी 1760, वांदीवाश : लालीची फ्रेंच फौज इंग्रजांकडून हरली आणि बुसी कैद झाला. 1 मे 1760, जुई : ओबेरकांफने पहिलं कापड छापलं. 16 जानेवारी 1761, पाँडिचेरी : आयर कूटने शहराचा ताबा घेतला आणि पुढे तटबंदी जमीनदोस्त केली. दोनच दिवस आधी पानिपतावर आपलं जे व्हायचं ते झालं होतं, आणि तिथे लढलेल्या इब्राहिमखान गारद्याची पलटण याच बुसीच्या तालमीत तयार झालेली. फ्रान्सने एका वर्षाच्या आत हिंदुस्थानातलं राज्य गमावलं आणि हिंदुस्थानी कापडाची कला घरी बसवली. कुणी ठरवून केलेलं नाही, पण हिशोब मांडला तर तो असा दिसतो. पाँडिचेरी पुढे तहात परत मिळाली, राज्याचं स्वप्न मिळालं नाही.

जुईचा कारखाना झपाट्याने वाढला. सुरुवातीला सगळं लाकडी ठशांनी, आपल्याच फुलापानांच्या धर्तीवर. 1770 पासून तांब्याचे पत्रे आले. ही युक्ती 1752 च्या सुमारास आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ निघालेली. तांब्यावर बारीक रेघ कोरता येते, म्हणून माणसं, झाडं, इमारती छापता येऊ लागल्या, पण बहुधा एकाच रंगात. मेंढपाळ आणि झोपाळे आले ते इथून. ज्याँ-बातिस्त यूए हा चित्रकार 1783 पासून ओबेरकांफसाठी नक्षी काढू लागला. त्याची पहिली नक्षी कशाची? कारखान्याचीच : धुणारे, ठसे मारणारे, कुरणावर कापड वाळत घालणारे. त्या वेळचा एक गाजलेला प्रसंगही कापडावर आला. 1783 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून सुटलेला हायड्रोजनचा फुगा गोनेस गावात पडला. गावकऱ्यांना वाटलं राक्षस आला, त्यांनी त्याला काठ्या-विळ्यांनी फाडून टाकला. त्याच देखाव्याचे पडदे लोकांनी हौसेने खिडक्यांना लावले.

आणि हे छापायचं कशावर? पांढरं सुती कापड बराच काळ हिंदुस्थानातूनच येई, लोरियाँ आणि लंडनच्या लिलावांतून. म्हणजे सूत आपलं, विणकर आपला, वरची फुलंही आपल्या घराण्यातली. लाल रंग मात्र तिकडच्या मॅडर मुळाचा, आपल्या मंजिष्ठेच्या भावकीतला. एक काळी बाजूही सांगायला हवी : बंदी उठल्यावर नांत शहरातले कारखाने अशीच कापडं छापून पश्चिम आफ्रिकेत पाठवत आणि बदल्यात माणसं विकत घेत. दिवाणखान्यातल्या फुलांना तोही वास आहे.

1783 मध्ये जुईला शाही कारखान्याचा दर्जा मिळाला, 1787 मध्ये सोळाव्या लुईने ओबेरकांफला सरदारकी दिली, दोन वर्षांत क्रांती झाली, आणि हा माणूस तरीही टिकला. 1797 मध्ये त्याने तांब्याच्या रुळावर छापणारं यंत्र बसवलं, आणि दिवसाला हजारो मीटर कापड निघू लागलं. आठवड्यांची चादर आणि दिवसाचे हजारो मीटर, यांची लढत कुठे होते? 1805 च्या सुमारास तिथे तेराशेहून जास्त माणसं काम करत होती. 1806 मध्ये नेपोलियन भेटीला आला आणि त्याने स्वतःच्या छातीवरचं लीजन ऑफ ऑनरचं पदक काढून ओबेरकांफला लावलं. सेनापतीने कापडवाल्याला आपलं पदक द्यावं, हे मला तरी योग्य वाटतं. इंग्लंडशी त्याची लढाई सुताचीही होती. पुढे 1815 मध्ये नेपोलियन हरला, दोस्तांच्या फौजा जुईत शिरल्या, कारखाना थंडावला, आणि त्याच ऑक्टोबरात ओबेरकांफ वारला. 1843 मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. आता गावात संग्रहालय आहे.

जाता जाता, जुनं कापड हाती आलं तर काय बघायचं? एक, उलटी बाजू. हाताने चितारलेल्या कोरोमंडलच्या चादरीत दोन फुलं तंतोतंत सारखी सापडणार नाहीत, ठशाच्या कापडात सापडतील. दोन, ठशाच्या कोपऱ्यांशी बारीक टिंबं दिसतात, पुढचा ठसा जुळवायला मारलेल्या खिळ्यांची. आणि तीन, थानाचं टोक. तिथे कारखानदाराने आपलं नाव छापावं असा फ्रान्सचा नियम होता. जुईच्या थानाच्या टोकाला ओबेरकांफचं नाव, व्हर्सायजवळचं गाव, आणि पुढे दोन शब्द असतात, ‘बों तँ’, म्हणजे पक्का रंग. आपल्याकडून गेलेल्या चिटांच्या पाठीवरही कधी कधी शिक्का सापडतो. तो कंपनीचा असतो.